मास्तरांची काच

मास्तर मेलेल्या माणसांशी फार अदबीनं बोलत. जिवंतांच्या वाट्याला ती अदब कधी आली नाही.

सकाळी काचेखालच्या ट्यूबा लागल्या की ते तिच्यावर फोटो ठेवत, वर ट्रेसिंगचा कागद अंथरून चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावत आणि वाकून म्हणत, "नमस्कार, पावणं. हनुवटी जरा खाली घ्या. हां, तशीच ऱ्हाऊ द्या." फोटोतला माणूस जाऊन महिना, कधी वर्ष झालेलं असे. त्याची हनुवटी होती तिथंच राही. मास्तर समाधानानं मान हलवत आणि पेन्सिल टेकवत. त्याच वेळी दारात कुणी हातीपायी धड माणूस उभा असला, तर त्याला मात्र "काय काम हाय? उभ्या उभ्या सांगा आन् सुटा" एवढंच मिळे.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं होते. फोटोवरून चेहरा कसा उचलायचा ते त्या माणसानं मला शिकवलं. आणि माझ्या वडिलांचा चेहरा हरवला तोही त्याच माणसानं. दोन्ही गोष्टी एकाच काचेवर झाल्या. मास्तर गेल्यापासून कोल्हापुरातली मंडळी त्यांच्याबद्दल गहिवरून बोलतात, मी त्यातली नाही, हे आधीच सांगून टाकते.

काच म्हणजे लाइट बॉक्स. आता माझ्याकडे पाटीएवढा चपटा एलईडीचा आहे, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. मास्तरांचा त्यांनी स्वतः केलेला होता. मोडक्या शिलाई मशीनचं टेबल, त्याचा मधला भाग कापून बसवलेली दुधी काच, आणि खाली मशीन असायचं तिथं दोन ट्यूबा. बसताना पायाखाली लाकडी पाट लागे. पाटावर पाय ठेवल्याशिवाय काचेला कुणी बोट लावायचं नाही, असा दंडक होता. गिऱ्हाइकांना वाटे, केवढी ही निष्ठा, देवपूजेला बसल्यासारखे बसतात. खरी गोष्ट अशी की त्या टेबलाला अर्थिंग नव्हतं आणि पाट नसला की सणसणून शॉक बसे. मास्तरांनी गिऱ्हाइकांचा समज कधी दुरुस्त केला नाही.

त्यांची खोली मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरे आणि रेघ हले. म्हणून कामाची वाटणी ठरलेली होती. गिरणी बंद असताना डोळे, नाक, कान. गिरणी चालू असताना कोट, फेटा, साडीच्या निऱ्या. दुपारी गिरणीवाला जेवायला गेला की मास्तर ओरडत, "डोळं घे, डोळं!" आणि मी हातातला डबा खाली ठेवून धावे. माझ्या कित्येक भाकऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या पापण्यांपायी वाळून गेल्या.

जिवंत माणसाचं चित्र ते काढत नसत. एकदा एक नगरसेवक वाढदिवसासाठी स्वतःचं मोठं चित्र करून घ्यायला आला. सोबत पाचसहा कार्यकर्ते, जिन्यात मावेनात. मास्तरांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, "अजून येळ हाय तुमास्नी. आधी ते उरकून घ्या, मग या." कार्यकर्ते पुढं सरसावले, पण नगरसेवकालाच हसू आलं आणि निभावलं. मी विचारलं, का नाही काढत? म्हणाले, "जित्तं माणूस चित्रापुढं हुभं ऱ्हाऊन आरशात बघतंय. मेलेलं तक्रार करत न्हाई." मला तेव्हा हा विनोद वाटला होता.

तक्रार जिवंत नातेवाइकांनीही करू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. चित्र फ्रेम करून, वर चंदनाच्या काड्यांचा हार घालूनच ते ताब्यात देत. नुसतं कधीच नाही. घरची माणसं कागद सोडवत आणि समोर एकदम हारातला बाप किंवा हारातली आई येई. हात आपसूक जोडले जात. जोडलेल्या हातांनी कुणी नाकाची लांबी मोजत नाही. "हार घातला की नावं ठिवायचं बंद हुतंय," असं ते मला कौतुकानं सांगत.

फोटो घेऊन येणाऱ्यांना ते भलतेच प्रश्न विचारत. "राग आल्यावर आधी काय लाल व्हायचं, कान का नाक?" "झोपंत तोंड उघडं ठेवायचं का?" "जेवताना ताटाकडं बघायचं का दाराकडं?" फोटो देऊन पाच मिनिटांत निघू म्हणून आलेले थोराड मुलगे खुर्चीत बसून आठवायला लागत आणि आठवता आठवता त्यांचे डोळे भरत. जिना उतरताना म्हणत, मास्तर माणूस आतनं ओळखत्यात. मी सहा वर्षांत त्यांना एकही उत्तर लिहून घेताना पाहिलं नाही. मला वाटायचं, डोक्यात राहत असेल.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले तेव्हा चित्रकला शिक्षिकेचा डिप्लोमा करत होते आणि कॉलेज सुटल्यावर काही काम हवं होतं. त्यांनी माझा हात बघायला स्वतःचा तळवा झेरॉक्सच्या काचेवर दाबून काढलेला कागद पुढं टाकला. म्हणाले, ही आयुष्याची रेघ पेन्सिल न उचलता गिरव. मी गिरवली. त्यांनी कागद उजेडाला धरला. "हात हाय. उद्यापास्नं डोकं घरी ठिवून ये."

काम असं असे. आलेला फोटो कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्सवर मोठा करून आणायचा. कागदातून उजेड नीट यावा म्हणून त्याच्या पाठीला रॉकेलचा बोळा फिरवायचा. मग तो काचेवर, त्यावर ट्रेसिंगचा कागद, आणि वरून रेघ. रेघ पुरी झाली की कागदाची पाठ मऊ पेन्सिलीनं काळी करायची, कागद कॅनव्हासवर ठेवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं पुन्हा तीच रेघ दाबून न्यायची. खाली चेहरा उतरतो. तिथपर्यंतचं काम माझं, रंग मास्तरांचे. सुरुवात कानापासून करायची असा त्यांचा नेम होता. "फोटो काढताना माणूस तोंड हसरं करंल, डोळं मोठं करंल. कान वाकडा करून दावावं कुणी. कान खोटं बोलत न्हाई." हे मात्र सोळा आणे खरं आहे. आजही मी कानापासूनच सुरू करते.

भिंतीला एक कपाट होतं, त्यात जुनी ट्रेसिंगं वयाप्रमाणं लावलेली. फोटोत धड फक्त छातीपर्यंत आलं असलं की खालचं अंग कपाटातून घ्यायचं. कोट, जाकीट, नऊवारी, खुर्चीच्या हातावरचा हात. त्यात चेहऱ्यांचाही एक गठ्ठा होता. पुन्हा कुणी ऑर्डर दिली तर असावेत म्हणून ठेवलेत, असं मास्तर सांगत. माझ्या पहिल्या महिन्यात त्यांनी त्यातला एक जीर्ण कागद माझ्यापुढं ठेवला, फाटायला आलाय, स्वच्छ नक्कल काढ म्हणाले. पंचेचाळिशीचा पुरुष, मिशी, कपाळावर उभा टिळा. कोपऱ्यात कागलकडच्या एका गावाचं नाव आणि "आप्पा" एवढंच. मी नव्या कागदावर चेहरा उतरवला आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात गावाचं नाव घातलं. माझं तिथलं ते पहिलं पूर्ण काम, म्हणून त्याची रेघ न् रेघ माझ्या लक्षात राहिली.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूची सांगायला हवी, नाहीतर मी खोटी पडेन. एकदा एक बाई सासऱ्याचा फोटो घेऊन आल्या. मी काचेवर वाकलेली. त्यांनी मला माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग कुठं राहता, मग बावड्यात म्हणजे नेमकं कुठल्या गल्लीत. ही चौकशी कुठं निघाली आहे हे आम्हाला लहानपणापासून कळतं. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मास्तर रंगाच्या पाटीवरून मान न उचलता म्हणाले, "माझी हाय ती. अजून काय इचारायचंय?" बाई गप्प झाल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला ते तीनदा सांगितलं. आईनं तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

आमचं घर बौद्ध. मास्तर माझ्याच कपातून चहा पीत, माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलत. "आपल्याकडं असलं काय न्हाई," असं चारचौघांत सांगत. ते जात मानत नसत. पण न मानायची ती माझी जात कुठली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला तेवढंही पुष्कळ वाटे.

माझे वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. मी आठवीत असताना छातीच्या दुखण्यानं गेले. बोलणं कमी. आठवतं ते एवढंच, की रविवारी आई टॉवेलचं टोक ओलं करून त्यांच्या कानांच्या घड्यांतली काळी वाळू काढायची आणि ते मांडी घालून मुकाट बसायचे. पुढं पुराच्या वर्षी पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि पेटीतल्या सगळ्या फोटोंचा एकमेकांना चिकटून लगदा झाला. एकच वाचला. कंपनीच्या गेटपासासाठी काढलेला, पासपोर्ट आकाराचा. आईनं तो भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीच्या कोपऱ्यात खोवलेला होता आणि पाणी तिथवर चढलं नाही. घरात त्यांचा चेहरा म्हणून होता तो तेवढा, नखाएवढा.

मास्तरांकडं तिसरं वर्ष चालू असताना मी आईला म्हटलं, आपण बाबांचं मोठं चित्र करून घेऊ. मला स्वतःलाच ते काढायचं होतं. मास्तरांनी साफ नाही म्हटलं. "आपल्या माणसाचं आपण काढायचं न्हाई. हात रडतोय. रेघ भिजती. आण हिकडं, मी करतो." मला भरून आलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून नेहमीचे प्रश्न विचारले, राग आल्यावर काय लाल व्हायचं वगैरे, आणि मी खुळ्यासारखी प्रत्येकाचं उत्तर दिलं. फोटो पाकिटात घालून त्यांच्या हातात दिला. चित्र पुरं होईपर्यंत आठ दिवस फिरकू नको, असा हुकूम झाला. मी फिरकले नाही.

बाबांच्या स्मृतिदिनी आमच्यात पुण्यानुमोदन असतं, त्या सकाळी मास्तरांनी फ्रेम रिक्षातून पाठवली. कागदात गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. घरात वीसपंचवीस माणसं होती. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि धाकट्या काकांनी दोरी सोडली. हारातला माणूस आमच्याकडं बघू लागला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग काका जरा पुढं वाकले.

"वैनी, कपाळाला काय हे?"

उभा, रेखीव, तांबडा टिळा. माझ्या वडिलांनी जन्मात कपाळाला काही लावलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनीही नाही. आमच्या घरात ती साधी गोष्ट नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आई पुढं झाली आणि तिनं हार थोडा वर सरकवला, टिळा झाकेपर्यंत.

"रंग सांडला असंल मास्तरांचा," ती म्हणाली. "पोरगी पुसून घील. चला, जेवाय बसा."

मी टिळ्याकडं बघतच नव्हते, कानाकडं बघत होते. त्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. बाबांची सुटी होती, ओल्या टॉवेलचं टोक आई तिच्या मागून फिरवायची. आणि पाळीपासून निघून जबड्याकडं उतरणारी ती रेघ मला पाठ होती, कारण ती मीच काढली होती, पहिल्या महिन्यात, पेन्सिल न उचलता. माझ्या घराच्या भिंतीवर कागलकडचा आप्पा होता. मास्तर फक्त टिळा वगळायचं विसरले होते.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा गिरणी चालू होती आणि मास्तर कुणाचा तरी कोट रंगवत होते.

"मास्तर, बाबांचा फोटो कुठाय?"

"चिकटला," ते म्हणाले. ब्रश थांबला नाही.

"कुठं?"

"काचंवर. झेरॉक्स काळीकुट्ट आलती. म्हटलं, फोटोच घेऊया डायरेक. मागनं रॉकेल लावलं, ट्यूबा तापल्या, पावणं धरून बसलं काचंला. ओढलं तर निम्मं हिकडं, निम्मं तिकडं."

"मग?"

"मग काय. थिनरनं पुसून घेतली काच. दुसरं काम खोळंबलं हुतं."

मी काचेकडं पाहिलं. स्वच्छ होती. त्यांनी ती नेहमीच स्वच्छ ठेवली.

"आणि घरी भिंतीवर कोण आहे?"

"पंचेचाळीस, मिशी. तुझा बाप बी पंचेचाळीसच की."

"आणि टिळा?"

इथं मात्र त्यांनी ब्रश खाली ठेवला. ते चपापले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण चपापलेला माणूस माघार घेतो असं नाही. "तुमच्यात लावत न्हाईत व्हय," ते म्हणाले. "ध्यानात ऱ्हायलं न्हाई बघ. पुसून देतो." आणि मग जे बोलले ते मला आजतागायत विसरता आलेलं नाही. "खरं सांग. डोळं मिटल्यावर दिसतोय का तुला बाप? न्हाई न्हवं? मग ह्याला बाप म्हणायला काय हरकत हाय?"

खाली गिरणी थांबली. त्यांना सवयीनं हाक द्यायची होती, डोळं घे म्हणून. तोंड उघडलंही. मी पाटावरून माझी पेन्सिल उचलली आणि जिना उतरले. त्यानंतर त्या जिन्यानं मी तीन वर्षं आणखी चढउतर केली, हे सांगायची मला लाज वाटते. डिप्लोमा झाला होता पण नोकरी नव्हती आणि दुसऱ्या कुणाकडं काच नव्हती. पंधरा दिवसांनी मी परत जाऊन काचेपुढं बसले. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चेहरे शिकून घेतले. कपाटातून दुसऱ्या कुणाच्या बापाच्या नावानं असा चेहरा निघाला तेव्हा तोही मुकाट गिरवला. माझा कडवटपणा फक्त त्यांच्यावरचा असता तर सोपं होतं.

त्या पंधरा दिवसांत मास्तर एकदा आमच्या घरी येऊन गेले. मी बाहेर होते. स्कूटरवरून बावड्याला आले, हातात रंगाची पेटी. आईनं सांगितलं, की खुर्चीवर चढले, हार बाजूला केला आणि टिळ्यावर कातडीच्या रंगाचा हात मारला. रंग जुळला नाही, चेहऱ्याहून उजळ आला. आईनं चहा दिला, तो प्याले. तिनं विचारलं, फोटो परत देताय न्हवं? ते म्हणाले, "सापडला की देतो." चिकटल्याचं आईला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. मला झालं होतं असंही नाही. अजून झालेलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळी ट्यूब लागली की त्या कपाळावर एक उभा उजळ डाग दिसतो. हार मधून मधून घसरतो, आई तो वर सरकवते.

बाबांचा चेहरा परत मिळवायचा मी प्रयत्न केला. शिरोलीला जाऊन आले. त्यांची फौंड्री दुसऱ्या मालकाकडं गेली होती, जुनी कार्डं रद्दीत. गेटवरचा माणूस चांगला होता, त्यानं पाणी दिलं. मग नोकरी लागल्यावर मी हा एलईडीचा बॉक्स घेतला आणि आईला जवळ बसवलं. म्हटलं, तू सांग, मी काढते. आधी कान. कान कसा होता?

आई भिंतीकडं बघायची आणि सांगायची, "असा, चिकटलेला."

"अगं, तिकडं बघू नको. आठवून सांग. तू टॉवेलनं पुसायचीस बघ."

"व्हय की. असाच हुता. मी रोज बघतो की त्यास्नी." इकडं बायकाही अशाच बोलतात, मी बघतो, मी जातो. तिच्या बोलण्यात कसला संशय नव्हता. तिच्या मनातला चेहरा कधी पुसला गेला आणि त्या जागी हा कधी उतरला, हे तिला कळलंही नव्हतं. मी चार संध्याकाळी बसले आणि चारही वेळा कागदावर आप्पाच आला. पाचव्या दिवशी मी बसले नाही.

मास्तर गेले ते याच पावसाळ्यात. त्यांच्या पुतण्यानं मला फोन केला. खोली रिकामी करायची होती, कपाटातले कागद रद्दीत घालू का, का तुम्ही नेताय, म्हणाला. काच त्यानं आधीच भंगारात दिली होती. मी गेले आणि त्या गठ्ठ्यातून एकच कागद घेतला. माझ्या अक्षरातलं गावाचं नाव अजून वाचता येत होतं.

मग एका रविवारी एसटीनं त्या गावाला गेले. कशासाठी, तर एकदा त्या माणसाचा खरा फोटो बघावा म्हणून. आमच्या घरी इतकी वर्षं कोण राहतंय ते निदान कळावं. कपाळावर टिळा लावणारे, मिशीवाले, मंगळवार पेठेतल्या मास्तरांनी चित्र काढलेले आप्पा म्हटल्यावर घर सापडायला दहा मिनिटं लागली नाहीत.

दारात गोठा, चार म्हशी. सुनेनं आत बसवलं. मी मास्तरांची विद्यार्थिनी, ते वारले, त्यांची चित्रं बघत फिरतेय, असं सांगितलं. मधल्या खोलीत तो होताच. तोच कान, तीच मिशी, टिळा इथं शाबूत. मी दारातच थबकले. चेहऱ्यावर काय आलं असेल माहीत नाही, कारण माझ्या मनात जो शब्द आला तो "बाबा" होता.

खाटेवर आप्पांची बायको बसली होती. सत्तरीच्या पुढची, डोळ्यांना चष्मा, हातात सोलायच्या पावट्याच्या शेंगा. तिनं मला खुणेनं जवळ बसवून घेतलं. सून चहा टाकायला आत गेली.

"चांगलं काढलंय," मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.

म्हातारीनं सून आत गेल्याची खात्री करून घेतली. "चित्र चांगलं हाय," ती हळू म्हणाली. "पर हे आमचं मालक न्हवंत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ह्यांचं नाक बसकं हुतं. आन् मिशी कवा ठेवलीच न्हाई. पोरानं हौसेनं करून आणलं, हार घालून. गाव गोळा झालतं. कसं म्हणायचं, ह्यो कोण म्हणून?"

"फोटो दिला होता ना तुम्ही? त्याच्यावरनं..."

"दिलता की. एकच हुता. काचंला चिकटला म्हणं." तिनं पावट्याची एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "पैल्यांदा लई रडलो. मग म्हटलं, कुणीतरी हाय न्हवं भिंतीवर. दिवा लावायला तोंड लागतंय."

मी चित्राकडं पाहिलं. म्हणजे तो आप्पाही नव्हता. मास्तरांनी कधीकाळी कुठून तरी उचललेला एक चेहरा, त्याचं नाव-गाव आता सांगणारं कुणी उरलेलं नाही, तो इथं आप्पा होता आणि बावड्यात माझा बाप. आणखी किती घरांत कोण कोण होता, ते मास्तर सोबत घेऊन गेले. पिशवीत आणलेला तो कागद मी बाहेर काढला नाही.

सून चहा घेऊन आली. म्हातारीनं विषय बदलल्यासारखं करून मला विचारलं, "तुमचं वडील हाईत?"

"नाहीत."

"मग त्यांचं चित्र मास्तरांनीच काढलं असंल की. तुम्ही त्यांच्याच हाताखालच्या."

"हो."

चष्म्याआडून तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ते तरी जमलंय का?"

कपातला चहा कढत होता, मी तो तसाच गिळला. "जमलंय," मी म्हटलं. "अगदी तसेच आहेत."

"मग नशिबाची हाईस, बाई," म्हातारी म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.